फोनवरून निवडलेलं युकुलेले

"वाजवून दाखव, बोलू नको." फोन उचलला की त्याचं पहिलं वाक्य हे. हॅलो नाही, कसा आहेस नाही. मुरुडच्या बाजारात माझं वाद्यांचं छोटं दुकान आहे. मी ढोलकीला शाई लावण्यात गुंतलेलो असायचो आणि हा पठ्ठ्या आखातातल्या जहाजदुरुस्तीच्या कारखान्यातून, जेवणाच्या सुट्टीत, माझं डोकं खायला हजर. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, म्हणून ऐकून घ्यायचो. दुसरं कुणी असतं तर फोन कापला असता.

प्रकरण होतं युकुलेलेचं. गिटारीचं चार तारांचं पिल्लू म्हणा. त्याच्या लेकीनं ते शाळेतल्या बाईंकडं पाहिलं आणि बापाकडं मागितलं. "तुमच्यातलेच ना रे हे लेले?" असं विचारून तो स्वतःच खदाखदा हसला. मग हळूच म्हणाला, "स्वस्तातलं बघ. पण खेळणं नको."

तुम्ही म्हणाल, एवढंसं वाद्य, त्यात निवडायचं काय? मलाही तसंच वाटायचं. काशीदला आलेले पर्यटक रंगीत दिसेल ते उचलतात आणि चालते होतात. यानं रंगीत पहिल्याच फटक्यात बाद केलं. "रंगाखाली काय हाय, दिसत न्हाय." बाकीच्यांच्या तारा मला जुळवायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी फोन, "आता वाजव. खुंट्यांना हात लावू नको." मी वैतागलो. "अरे बाबा, नवीन तारा उतरतातच!" "मग चार दिवसांनी बघू," म्हणाला. आणि खरंच बघितलं.

शेवटी एक ठरलं, सगळ्यांत लहान मापाचं. त्यानं कॅमेऱ्यापुढं आपली दोन बोटं धरली. "एवढासा पंजा हाय तिचा. मोठं झेपायचं न्हाय."

"कुणाचा पंजा?" मी म्हटलं. "माझ्या खांद्याला लागते ती आता. कालच सायकलवरून गेली दुकानासमोरून."

त्यानं बोटं खाली घेतली. मागं कुठलंतरी यंत्र घरघरत होतं.

"फोनवर नुसतं तोंड दिसतं रे," तो म्हणाला. "तेपण 'अब्बू, अभ्यास हाय' म्हणून लगेच ठेवते."

मला भयंकर वाईट वाटलं. सुट्टीत येऊन तिला युकुलेले द्यायचं, आणि परत गेल्यावर ती फोनवर वाजवेल तेवढा वेळ तरी समोर बसेल, एवढंच त्याच्या मनात होतं.

मग त्याहून एक माप मोठं घेतलं. पैसे आले, वस्तू मात्र माझ्याकडंच ठेवायची. आखातातून आलेल्या माणसानं घरच्यांना समोर बसवून स्वतःच्या हातानं बॅग उघडायची, हा त्यांच्या मोहल्ल्यातला रिवाज. "माझ्या बॅगेतूनच निघालं पाहिजे ते. आधी तुझ्याकडं येतो, मग घरी." मी म्हटलं, आत्ताच देऊ दे, तू येईस्तोवर चार सूर शिकेल पोरगी. ऐकेल तर शपथ!

ईदला येणार होता. मग म्हणाला, ओव्हरटाइम मिळतोय, थोडा थांबतो. तिकडं उन्हाळा अगदी भरात आला होता. कामावरच कोसळला. दफनही तिथंच केलं. मला त्याचा इतका राग आला की दुकान बंद करून आत नुसता बसून राहिलो.

चाळिसावा झाल्यावर मी युकुलेले घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्या घरात वस्तूंची किंमत कुणी रुपयांत सांगत नाही. फ्रिज म्हणजे अब्बूंचा एक उन्हाळा, वरचा स्लॅब म्हणजे दोन वर्षं. पाहुण्यांनाही तसंच सांगतात. तिची आई आतल्या दाराशी उभी होती. मुलीनं पिशवीची चेन उघडली, युकुलेले मांडीवर घेतलं. तारांना हात लावला नाही.

"काका, हे किती दिवसांचं?"

ती काय विचारतेय ते मला लगेच कळलं. "दोन," मी म्हटलं. "फार तर तीन."

तिनं मान हलवली. "म्हणजे मी मागितलं नसतं तर तेवढे दिवस आधी आले असते."

"वेडी का काय तू? ह्याच्यासाठी नव्हता थांबला तो!"

"मग कशासाठी?"

मी खोलीभर नजर फिरवली. फ्रिज, टीव्ही, पंखा, कपाट. कशाकडंही बोट दाखवायची माझी हिंमत झाली नाही.