यशवंतपूरच्या पद्माक्का

आमच्या यशवंतपूरच्या बँकेत कुणी दाराबाहेर चपला काढून आलं, की पद्माक्का त्याला परत पाठवत. "चपला घालून या. हे देऊळ नव्हे." बाजारातले हमाल आणि भाजीवाल्या ते काचेचं दार बघूनच बिचकत. अक्का मॅनेजर असून स्वतः उठून त्यांना आत आणत. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं, त्यामुळे मराठीत कन्नड सहज मिसळायचं. मी पुण्याहून आलेला नवा कर्ज अधिकारी. अक्का मला माझ्या नावानं कधी हाक मारत नसत, 'पुणेकर' म्हणत.

गंगम्माचा अर्ज मी नाकारला होता. ती भाड्याच्या हातगाडीवर कांदे विकायची, तिला स्वतःची गाडी हवी होती. पगार नाही, तारण नाही. नियमाप्रमाणे शेरा मारून मी मोकळा झालो. अक्कांनी तो वाचला, "सरी, ठीक आहे, चल," म्हणाल्या आणि मला भर दुपारी बाजारात घेऊन गेल्या.

तिथे त्यांनी थेट गाडीच्या मालकालाच गाठलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "गंगम्मा भाडं कधी चुकवते का हो, अण्णा?"

"छे! सात वर्षांत एक दिवस नाही," तो कौतुकानं म्हणाला. आपण आपलंच गिऱ्हाईक घालवतोय, हे बिचाऱ्याच्या ध्यानातही आलं नाही.

परतताना अक्का म्हणाल्या, "बघितलंस, पुणेकर? हप्ता ती रोज भरतेच आहे. फक्त आपल्याकडे नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कर्ज बुडालं असतं तर निवृत्तीच्या तोंडावर अक्कांवर ठपका आला असता. तरी त्यांनी मालकाचे शब्द अर्जावर जसेच्या तसे लिहिले आणि खाली सही ठोकली. वर्षभरात कर्ज फिटलं, गाडी गंगम्माची झाली आणि तिची मुलगी नर्सिंगला जायला लागली.

अक्कांच्या निरोप समारंभाला मोठ्या साहेबांनी शाखा किती वाढली त्याचे आकडे वाचले. टाळ्या झाल्या. अक्का उठल्या.

"शाखा वाढली, सरी. शाखेमुळं कोण वाढलं, ते पण स्वल्प बघा की."

 मग मागच्या रांगेतली गंगम्मा उभी राहिली. "नानु," म्हणाली, म्हणजे मी. तिच्यामागून एक हमाल उठला, मग दोन फुलवाल्या.  साहेब माझ्याकडे रोखून बघत होते, तेव्हा कुठे लक्षात आलं, मीही उभा होतो.