तिसऱ्या भागातली शांतता

प्रथम आला तो एक गंभीर, दीर्घ घुमारा. भर दुपारी पंचवटीतल्या माझ्या खोलीतल्या तापलेल्या हवेलाच जणू कंठ फुटावा तसा. शब्द नाहीत, ताल नाही, चाल नाही! माझ्या लेकीने, मृदुलाने, पुण्यात बसून संगणकावर केलेला हा तिचा पहिलावहिला अल्बम. अशा संगीताला अँबियंट म्हणतात, हे ज्ञान मला आदल्याच दिवशी झालेले. तरीही डोळे मिटून, मान डोलवत, मी जाणकाराचा आव आणला. तोही रिकाम्या खोलीत!

तिचा फोन आला तेव्हा तर मी समीक्षकच झालो. “तिसऱ्या भागातली ती शांतता, मृदू! घुमारा विरतो आणि मागे काहीच उरत नाही... वा!”

“बाबा, तिथे शांतता नाहीये. आईच्या बांगड्या आहेत. पोळ्या लाटतानाच्या. ती जायच्या आधी मोबाईलवर रेकॉर्ड केल्या होत्या मी.”

पुन्हा लावला. आवाज वाढवला. हेडफोन कानांवर दाबून धरले. काही नाही.

सिन्नरच्या एका कारखान्यात तीस वर्षे मी पत्रे ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर होतो. मिळालेले इअरप्लग खिशात ठेवायचो आणि घालणाऱ्यांना विचारायचो, “काय नवरीबाई, कान आजच टोचले का?” केवढा तो पुरुषार्थ! यंत्राने माझ्या कानांतले उंच, नाजूक स्वर एकेक करून नेले आणि मला पत्ता नाही. आंब्यावर हल्ली पाखरे येत नाहीत, अशी तक्रार मात्र मी गल्लीभर करीत होतो. बायको स्वयंपाकघरातून हाका मारून दमायची. “ऐकूनही न ऐकल्यासारखं करता,” म्हणून चिडायची. मीही मिशीत हसून तो आळ मिरवायचो. मग त्या बांगड्या मी शेवटच्या कधी ऐकल्या? ती समोर होती तेव्हा तरी?

चार दिवसांनी मृदुलाने तोच भाग पुन्हा पाठवला. बांगड्यांचा उंच स्वर तिने माझ्या कानांना पोचेल इतका खाली उतरवला होता. फोन चालू ठेवूनच म्हणाली, “आता ऐका.”

या वेळी खरोखरच ऐकू आले. ओल्या मातीखाली कोणी मडकी सरकवावीत, तसे काहीतरी जड, बोथट. त्यात काच नव्हती. तिचे मनगट नव्हते.

“बाबा? आली का ऐकू आई?”

“हो गं,” मी म्हणालो. “तीच आहे.”