रोज एक लिटर

मी सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं, असं आमच्या भावकीत धरूनच चालतात. वहिनी जरा जास्त हिशेबी आहे, ती पाऊण धरते. म्हणून आधीच सांगून ठेवतो, की भावाच्या माघारी आमचा ट्रक रोज लिटरभर ऑइल पीत होता, हे खरं आहे. यात कुणी काटछाट करू नये.

भाऊ उन्हाळ्यात गेला. चहा पिऊन कप बशीत ठेवला आणि गेला. घर रडलं, गल्ली रडली. दहाव्याला मी पाहुण्यांना गोष्ट सांगितली, की पुढचे गेअर अडकले म्हणून भावानं कन्नडचा घाट अख्खा रिव्हर्समध्ये कसा चढवला आणि वाटेत एसटीला ओव्हरटेकही कसं केलं. माणसं डोळे पुसत हसली. मला हसूही आलं नाही आणि रडूही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचली की गाल जसा आपला राहत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. तोंड तेवढं चालू होतं, कारण ते कशानंच बंद पडत नाही.

ट्रक भावाचा होता, आता वहिनीच्या नावावर झाला. चालवायला मी. रोज सकाळी इंजिन गार असताना ऑइल बघायची दांडी ओढायची, फडक्यानं पुसायची, परत घालून बघायचं, ही भावाची शिस्त मी मोडली नव्हती. दांडीवर कंपनीच्या दोन खुणा असतात. खालच्या खुणेच्या खाली ऑइल गेलं की इंजिन मरतं, वरच्या खुणेपर्यंत भरलं की पोट भरलं. पहिल्याच दिवशी बघितलं तर दांडी जवळजवळ कोरडी. चार लिटर ओतलं, तेव्हा कुठं वरच्या खुणेला लागलं. भावानं गाडी उपाशी ठेवली होती म्हणून मनातल्या मनात त्याच्यावर चिडलोसुद्धा. त्याला जाऊन तेरा दिवस झाले होते.

मग रोज लिटरभर कमी आणि रोज लिटरभर ओतायचं, असं चार महिने चाललं. गारखेड्यातून निघालो की मागं असा निळा धूर उठायचा, की चिकलठाण्याच्या विमानतळावर विमानं उतरवणाऱ्यांनी दोनदा चौकशी केली. बरं, एकदाच केली. बरं, नाही केली. पण मागच्या रिक्षावाल्यांनी माझं खानदान रोज काढलं, हे नक्की.

ट्रकवाले सगळे एकच बोलायचे, "लायनर-पिस्टन गेले. इंजिन खोला." वहिनीनं ते ऐकलं आणि एका सकाळी दारातच सांगितलं,

"भाऊजी, इंजिन खोलायचं असंल तर मला ती गाडी नको. शनिवारी भंगारवाला बोलावलाय. कापून नेईल."

"बरं," मी म्हणालो.

"बरं काय? तुमचं काही म्हणणं नाय का?"

माझ्याजवळ प्रत्येक गोष्टीवर म्हणणं असतं. त्या दिवशी नव्हतं. गाडी कापली तर माझं काम संपणार होतं. भावाचा हात ज्या स्टीअरिंगवर वीस वर्षं घासला, तेही गॅस कटरखाली जाणार होतं. हे सगळं मला कळत होतं, दुसऱ्याच्या घरचं कळावं तसं.

तरी गुरुवारी गाडी चिकलठाण्याला उस्तादांकडे नेली. भावाच्या गाडीचं सगळं मेकॅनिकचं काम तेच करायचे.

"आओ मियां," उस्ताद म्हणाले. "आज काय उडवताय?"

"उस्ताद, गाडी ऑइल पितेय. रोज पाच लिटर."

"पाच?"

"तीन."

उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला.

"एक."

"हौ. आता गाडीचं बोलू."

त्यांनी आधी इंजिनाखाली पुठ्ठा पसरून गाडी चालू ठेवली. पुठ्ठ्यावर थेंब नाही. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यात तेलाचा डोळा दिसतो का बघितलं, पाणी स्वच्छ. ब्रेकच्या हवेच्या टाकीखालची चावी सोडली, तेव्हा नुसती हवा आणि चूळभर पाणी आलं. हवेच्या पंपातून ऑइल जात असतं तर ते तिथं सापडलं असतं. शेवटी उस्ताद ब्रीदरपाशी आले. इंजिनाच्या पोटातली हवा ज्या पाईपनं बाहेर पडते, तो ब्रीदर. त्याचं तोंड ऑइलनं थबथबलेलं होतं आणि मागच्या चेसीवर धुळीचा बोटभर चिखल साचलेला. उस्तादांनी चालू गाडीत त्या तोंडावर तळहात धरला.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर इथं वाफेच्या कुकरसारखं फुसफुसलं असतं. हे तर झोपलेल्या माणसासारखं श्वास घेतंय. मग ऑइल का फेकतंय?" त्यांनी हात पुसले. "ऑइल बघताना गाडी कुठं उभी असते?"

"घराजवळ, उतारावर. तोंड खाली. सेल्फचा भरवसा नाय, उतारावर सोडून दिली की गेअरमध्ये चालू होते. भाऊ तिथंच लावायचा."

उस्ताद केबिनमध्ये चढले. गाडी फरशीवर सपाट लावली, बंद केली, चहा होईपर्यंत थांबले आणि मग दांडी ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा बोल्ट खोलून वरच्या खुणेवर येईपर्यंत काढलं, तर चार लिटर जास्तीचं निघालं.

"उतारावर ऑइल पुढं पळतं, दांडी मागच्या अंगाला," उस्ताद म्हणाले. "दांडी कमी दाखवते, तुम्ही ओतता. तुमचं इंजिन पीत नाय मियां. पंगतीत जावयाला वाढावं तसं तुम्ही त्याला वाढताय, आणि तो बिचारा बाहेर जाऊन ओकतोय."

"मग भाऊ कसा काय..."

त्यांनी दांडी पुसून उजेडात धरली. खालच्या खुणेच्याही खाली हॅक्सॉ ब्लेडनं मारलेली एक बारीक चीर होती. रोज बघत होतो मी ती. ओरखडा समजत होतो.

"ही कंपनीची नाय," उस्ताद म्हणाले. "ही त्याची. उतारावरची."

त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. सांगणार कधी? तो बोलायला तोंड उघडायचा तेव्हा माझी काहीतरी गोष्ट चालू असायची. चिरेवरून अंगठा फिरवला आणि रडू येईल म्हणून थोडा थांबलो. आलं नाही. उस्तादांनी दुसरा चहा सांगितला, तोही पिऊन टाकला.

खरी अडचण घरी होती. मी वहिनीला म्हणालो, "इंजिन ठणठणीत आहे. मीच त्याला जास्त पाजत होतो."

"भाऊजी, आज नको."

"देवाची शपथ."

"मागच्या दिवाळीला बिबट्याला डबा खाऊ घातला, तेव्हा पण देवाचीच होती."

आयुष्यभर थापा पचल्या, आणि एक खरी गोष्ट घेऊन आलो तर ती माझ्याच तोंडात अडकली. जास्तीच्या ऑइलचा कॅन दाखवला. कॅन तर कुणीही भरून आणेल, असं ती म्हणाली, आणि बरोबरच होतं. मग तिनं गाडीची चावी उचलून माझ्या हातात दिली.

"उद्या कन्नडला मका भरायला जाताय ना? मी येते. मी बघते."

शुक्रवारी ती डबा घेऊन केबिनमध्ये बसली. भाऊ गेल्यापासून ती गाडीत चढली नव्हती. जाताना सगळी वाट ती आरशातच बघत होती, धुरासाठी. मी दोनदा गोष्ट काढायला गेलो, तिनं हात वर केला, मी गप्प. धूर नव्हता. मागं नुसता रस्ता होता. जाताना रिकामी, येताना मका भरून, साठ-साठ किलोमीटर.

परत येताना वजनकाट्यावर थांबलो. तिथली जमीन पाटासारखी सपाट. वहिनी म्हणाली, "उस्ताद किती वेळ थांबायचं म्हणाले होते?"

"पंधरा मिनिटं."

तिनं मोबाइलवर वेळ लावली. आम्ही भाकरी खाल्ली. वेळ झाल्यावर तिनं स्वतः दांडी ओढली, पुसली, घातली, परत ओढली आणि डोळ्यांजवळ नेली. उस्तादांनी ठेवलं होतं तसं ऑइल वरच्या खुणेवरच होतं, केसभर इकडं नाही की तिकडं नाही. ती चीर तिनं बघितली. नखानं एकदा टोकरली. दांडी जागेवर घातली.

"त्या भंगारवाल्याला फोन लावा. नाय म्हणावं."

लावला. त्यानं विचारलं, "का? दुसरा कुणी मिळाला का?"

मी त्याला जे होतं ते सांगितलं, उतार, दांडी, चीर, चार लिटर. एक शब्द वाढवला नाही.

"विकायची नसंल तर सरळ सांगा ना शेठ," तो म्हणाला. "गोष्टी कशाला सांगता." आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?" वहिनीनं विचारलं.

"त्याचा विश्वास नाय बसला."

"पण येत नाय ना उद्या?"

"नाय येत."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि केबिनची पायरी चढली. "चला, मका उतरवायचाय."