सड्यावरची बोट

आज माझ्या घरात दिवा लागतो, पंखा फिरतो, तो मिरकरवाडा बंदरावरच्या बोटवाल्या चाचांमुळे. हे आधी सांगतो, बाकीचं मग. चाचांच्या मते या जगात घर नावाची वस्तूच नाही. आपण ज्याला घर म्हणतो ती बोट असते, फक्त तिला अजून पाणी मिळालेलं नसतं. उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर वायरमन म्हणून गेली, त्यामुळे ते बाजारातसुद्धा पाय फाकवून, डुलत डुलत चालतात, स्वयंपाकघराला गॅली म्हणतात आणि चहाचा कप टेबलाच्या कडेला कधी ठेवत नाहीत. एकदा मी ठेवला, तर त्यांनी तो मध्यभागी सरकवला आणि खिडकीतून बाहेर बघितलं, जणू लाट येतच होती.

मी वाशीमकडचा. सातवीत शाळा सुटली, पोट इकडे घेऊन आलं, आणि भाट्ये गावाच्या पुढे सड्यावर, म्हणजे उघड्याबोडक्या कातळाच्या पठारावर, एका आंब्याच्या बागेची राखण मिळाली. राहायला खोली होती, पण विजेचे खांब खालच्या वाडीतच दमून थांबलेले. बायको बाळंतपणाला माहेरी गेली ती तिकडेच राहिली, कारण सासूबाईंनी सांगून टाकलं होतं की दिवा नाही त्या घरात, विंचूकाट्यात, नातीला धाडणार नाही. आधी सासरे येऊन बघतील, मग ठरेल. मी मुळातच घाबरट माणूस. सासऱ्यांचा फोन आला तरी उभा राहून बोलतो. बागमालकांनी सोलरच्या प्लेटा, बॅटऱ्या, इन्व्हर्टर सगळं आणून दिलं. बसवायला त्यांनी आपले जुने दोस्त चाचा पाठवले.

चाचा आले ते दारातूनच म्हणाले, “आधी लोड सांग.” जे जे वीज खातं ते त्यांच्या भाषेत लोड. दोन दिवे, एक पंखा, एक मोबाइल, एवढं मी कसंबसं सांगितलं, तर त्यांनी एकेकाची अशी उलटतपासणी घेतली की पंखा मागितल्याची मला लाज वाटायला लागली. मग खडूने कातळावरच सगळ्या वायरिंगचा नकाशा काढला आणि त्यावरून चालताना मला चपला काढायला लावल्या. प्लेटांचं तोंड दक्षिणेला केलं तेव्हा मालक कुरकुरले, दक्षिण ही यमाची दिशा. चाचा म्हणाले, सूर्य तिकडून जातो त्याला मी काय करू, तुम्हीच त्याला समजावून बघा. सड्यावरचा वारा म्हणजे साधं काम नाही, म्हणून त्यांनी लोखंडी सांगाडा कातळात बोल्ट मारून रोवला आणि वर जहाजाच्या दोरखंडाने आवळला. घर उडालं तर उडू दे, प्लेट हलता कामा नये, हे त्यांचं धोरण. खोलीतली एकमेव गार जागा माझ्या अंथरुणाची. तिथे बॅटऱ्या बसल्या आणि मी पडवीत आलो. “बॅटरी तापली की संपली,” चाचा म्हणाले. “माणसाचं काय, त्याला घाम येतो.”

सासरे यायच्या आधी आभाळ भरून आलं आणि चाचांनी फर्मान काढलं की पाहुणे येईपर्यंत एक दिवासुद्धा लावायचा नाही, चार्ज साठवायचा. मग मी एवढ्या थाटाच्या सोलरखाली कंदील लावून बसायचो. खालच्या वाडीतली माणसं मुद्दाम वर येऊन विचारायची, “काय रे, रॉकेलवर चालतं वाटतं?”

अखेर सासरे आले. चाचांनी त्यांच्यासाठी स्वतःच्या घरून मखमली लोड आणला होता, टेकून बसायचा. त्याला टेकून सासऱ्यांनी दिव्याकडे पाहिलं, पंख्याची हवा खाल्ली, चेहरा जरा सैल झाला. मग पिशवीतून सासूबाईंनी दिलेला मिक्सर काढला आणि मला म्हणाले, लावून दाखवा. मला नाही म्हणता आलं नाही. मिक्सरने एक गुरगुर केली, इन्व्हर्टर किंचाळला आणि सगळं घर काळंठिक्कर पडलं. त्या काळोखात आतून चाचांचा जहाजावरचा आवाज आला, “लोड जास्त झाला! आधी तो लोड काढा!”

सासरे उठले. पाठीमागचा लोड ओढून त्यांनी चाचपडत माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, “आमचं टेकनंबी जड झालं का जावईबापू तुमच्या घराले?” मला वाटलं, संपलं. बायको गेली, पोर गेली, आता हा लोड तेवढा उराशी धरून जन्म काढायचा.

तेवढ्यात चाचांनी मिक्सरची पिन उपटली, दिवे आले, आणि मी लोड कवटाळून उभा, सासरे पायात चपला सरकवताना दिसले. चाचांच्या ध्यानात सगळं आलं. ते एवढे हसले की खाली जमिनीवरच बसले. मग उठून सासऱ्यांपुढे आले तेव्हा हसत नव्हते.

“पाहुणे, हा लोड मी तुमच्यासाठी घरून आणलाय. काढायचा तो मिक्सर. माझ्याकडून बोलण्यात चूक झाली, ह्याची शिक्षा ह्या पोराला नको. माझी पोरगी रांगली तेव्हा मी बोटीवर होतो. घरी आलो तर ती मला बघून रडली, परका माणूस म्हणून. ह्याचं तसं करू नका.”

सासऱ्यांनी एकदा पंख्याकडे बघितलं. मग चपला काढून म्हणाले, “मिक्सर वापस नेतो. येतानी पाटा आनतो. त्याले तर लोड नाही न लागत?”

आता बायको इथे आहे, पाटाही आहे. चाचा दर आठवड्याला बॅटरीतलं पाणी बघायला सडा चढून येतात. पाणी बघायला काही क्षण लागतात. उरलेला वेळ ते पडवीत मांडी घालून बसतात आणि लेक रांगत रांगत त्यांच्याकडे येते. ती अजून त्यांना बघून रडलेली नाही. त्यांची स्वतःची लेक दुबईला असते, ते तिच्याबद्दल जास्त बोलत नाहीत, मीही विचारत नाही. पण हल्ली चढताना ते आंब्याखाली थांबतात, गुडघा चोळतात आणि वाऱ्याला नावं ठेवतात. ज्या दिवशी त्यांना सडा चढवणार नाही, त्या दिवसापासून पोरीला खांद्यावर घेऊन मी मिरकरवाड्याला उतरेन, दर आठवड्याला, न चुकता. तोवर ती चालायला लागली असेल, पण त्यांच्या दारात सोडली की जाईल त्यांच्याचकडे. त्यांच्या उपकाराची फेड मी एवढीच करू शकेन, आणि ती करीन.