वच्छलाकाकींचा हिस्सा

एक ओळ मी लिहिली आणि ती मी लिहिलेली नाही असे माझ्या वडिलांना सांगितले. वडिलांनी ते खरे मानले, गावाला तसे सांगितले, आणि तसेच मानत ते गेले. पुढची कित्येक वर्षे मी हे कोणाजवळ बोललो नाही. पुण्यात माझ्या पत्नीलाही ते ठाऊक नव्हते. गावी राहिलेल्या माझ्या माणसांसाठी, आणि माझ्यासारखे गाव सोडून शब्दांच्या नोकरीत शिरलेल्यांसाठी, ते आता क्रमाने लिहितो आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी निघालो. आमचे गाव गडचिरोलीत चामोर्शीच्या पुढे, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. आमच्या वस्तीत सगळी मासेमारी करणारी घरे. थोडे धान, बाकी तलाव. त्या दिवशी माझी पत्र्याची पेटी वडिलांनी डोक्यावर घेतली आणि फाट्यापर्यंत मला हात लावू दिला नाही. एसटी बराच वेळ आली नाही. वडील पेटीवर बसले आणि म्हणाले, "तिकडं गेल्यावर पत्र लिवजो. मास्तर वाचून दाखवते मले. पन लय मोठे शब्द नको टाकजो, मास्तर अडकते." आईने दिलेल्या सुक्या झिंग्यांची पिशवी कंडक्टरला लगेच कळली. "काय जी, बजार घेऊन चालले का?" तो म्हणाला. वडिलांनी हात जोडले. "पोरगा पुन्याले चालला साहेब. वास येईन थोडा, सांभाळून घ्या." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो, जणू ती पिशवी माझी नव्हतीच.

पुण्यात मला ज्या कचेरीत नोकरी मिळाली, तिचे काम घरच्यांना समजावून सांगणे कठीण होते. सामाजिक संस्थांची माहितीपत्रके, वार्षिक अहवाल, देणगीची आवाहने, कॅलेंडरे आम्ही तयार करीत असू. संस्था जंगलात, खेड्यांत काम करीत. ते काम शहरातल्या माणसांपर्यंत पोहोचेल अशा भाषेत मांडणे हे आमचे काम. वडिलांनी त्याचा सोपा अर्थ लावला होता: "माहा दिवाकर पुस्तकं छापते." मी तो कधी दुरुस्त केला नाही. ब्रोशर, कॅप्शन, लेआउट, फील्ड व्हिजिट हे शब्द वर्षभरात माझ्या तोंडी रुळले. 'मले' आणि 'तुले' मात्र मी स्टेशनवर उतरलो त्याच आठवड्यात आवरून ठेवले होते.

चार-पाच वर्षांनी आमच्याच भागातल्या जुन्या तलावांवर काम करणाऱ्या एका संस्थेचे कॅलेंडर आमच्याकडे आले. आमच्या संचालक मॅडमनी ते काम मला दिले. "तू तिथला आहेस, लोक तुझ्याशी बोलतील," असे त्या म्हणाल्या. ते खरेच होते. मी कॅमेरा घेऊन उन्हाळ्यात गावी गेलो.

उन्हाळ्यात पाणी उतरले की सगळे मिळून जाळी ओढतात आणि मासळी पाळीखाली आणून तिचे सारखे ढीग लावतात. जाळ्यावर जितके हात, तितके ढीग. परंतु आमच्याकडे एक ढीग जास्त लागत असे. माझे महादेवकाका, वडिलांचे धाकटे भाऊ, मी शाळेत असताना याच तलावात जाळे सोडवताना बुडाले. त्या वर्षापासून पहिला ढीग त्यांच्या नावाने लागे. तो दया म्हणून नव्हता. "महादेव जाळ्यावर हाये," असे मोठी माणसे म्हणत आणि मोजणीत त्यांचा हात धरत. त्यांच्या पत्नी वच्छलाकाकी वाटणीच्या दिवशी धुतलेले लुगडे नेसून येत, त्या ढिगापाशी बसत, आणि बाकीचे सगळे ढीग लागेपर्यंत उठत नसत. काका असते तर शेवटचा ढीग लागेपर्यंत थांबले असते, म्हणून.

मी त्यांचा फोटो काढला तो तसाच बसलेल्या असतानाचा. त्यांनी पदर सारखा केला आणि विचारले, "चांगला येईन ना गा? तुह्या काकाच्या हिश्शाजवळ बसली म्हून सांगजो तिकडं." मी हो म्हणालो.

पुण्यात तो फोटो टेबलावर आला तेव्हा त्यात दहा-बारा ढीग दिसत होते. आमच्या कचेरीत एक रीत होती: एका पानावर एकच माणूस आणि एकच उणीव. एवढे सगळे ढीग दिसले तर पाहणाऱ्याची नजर कुठेच ठरत नव्हती. मी डिझायनरच्या शेजारी बसून चौकट आवळत नेली. बाजूचे ढीग गेले, माणसे गेली, पाळ गेली. उरली एक वृद्ध होत चाललेली बाई आणि तिच्यासमोरचे थोडेसे मासे. मग मी खाली ओळ लिहिली: 'घरचा कर्ता तलावात गेला. आता गावाने टाकलेल्या या मूठभर मासळीत भागत नाही, असे वच्छलाबाई सांगतात.'

मॅडमनी ती वाचून चष्मा काढला. "हे असंच आहे ना, दिवाकर? त्या असं म्हणाल्या?"

"हो. मी तिथलाच आहे," मी म्हणालो. त्यांनी पान छपाईला सोडले.

कॅलेंडर चांगले झाले. लोकांनी मदत पाठवली आणि आमच्या तलावातला गाळ निघाला. हेही नोंदवले पाहिजे, कारण ते खरे आहे आणि त्याच्या आधाराने मी बराच काळ स्वतःची समजूत घालत आलो.

उरलेली कॅलेंडरे संस्थेच्या जीपने गावोगाव वाटली. आमच्या गावात ती शाळेत लागली, मच्छीमार सोसायटीच्या खोलीत लागली. मार्चचे पान उलटून काकींचा फोटो वर आला तेव्हा मास्तरांनी खालची ओळ वाचून दाखवली. मासळी वाटण्याचा दिवस आला, तेव्हा काकी नेहमीसारख्या आल्या. सोसायटीचे अध्यक्ष बुधाजीभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, हिस्सा कमी पडत होता तं आमाले सांगाचं होतं. पुन्याच्या लोकायले काऊन सांगतलं?" कोणीतरी मागून बोलले, "मूठभर म्हने! मूठ मोठी हाये बाप्पा वहिनीची." लोक हसले.

काकींनी ढिगाकडे पाहिले. त्या बसल्या नाहीत. "मी असं कई म्हनलं नाई," एवढेच म्हणाल्या आणि रिकामी टोपली घेऊन परत गेल्या. ढीग तिथेच उन्हात राहिला. पुढच्या वर्षी पहिला ढीग लावायला कोणी वाकले नाही.

वाटणीच्या दिवशीचे हे सगळे मला वडिलांनी त्याच आठवड्यात चामोर्शीच्या एसटीडी बूथवरून सांगितले. सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "दिवाकर, ते तू लिवलं का?"

"नाही, बाबा. ऑफिसातल्या लोकांनी लिहिलं," मी म्हणालो. हे वाक्य मी पुण्याच्या मराठीत बोललो, हे मला नंतर जाणवले.

"मले मालूमच होतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातला हलकेपणा मी आजही ऐकू शकतो. ते गावी परतले आणि पाळीवर उभे राहून त्यांनी सांगितले की हे आपल्या पोराने लिहिलेले नाही. त्याचा परिणाम मला तेव्हा उमगला नाही, किंवा उमगून घ्यायचा नव्हता. मी लिहिले नसेल, तर परक्या माणसांना काकींचे बोलणे कळले कसे? अर्थात काकींनीच ते कोणाला तरी सांगितले असणार. माझ्या नकाराने दोष हवेत विरला नाही. तो त्यांच्यावर जाऊन बसला. ज्या माणसांनी वर्षानुवर्षे तिच्या नवऱ्याचा हात मोजणीत धरला, त्यांचीच चहाडी करणारी बाई, अशी त्यांची ओळख झाली.

वडील त्यानंतर पाच-सहा वर्षांनी वारले. दिवसकार्याला मी गावी होतो. काकी स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. मी दारात दोनदा जाऊन उभा राहिलो आणि पाणी पिऊन परतलो.

दरम्यान मी नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू केले होते. संस्थांना मी सल्ला देऊ लागलो, नव्या लेखकांची वर्कशॉप घेऊ लागलो. गरीब माणसाचे चित्रण त्याचा मान राखून कसे करावे, हा माझा विषय होता. त्यात मी काकींचीच गोष्ट सांगत असे. नाव बदलून; आणि लेखकाच्या जागी 'एक लेखक' म्हणून. ती गोष्ट ऐकून लोक गंभीर होत, वहीत टिपून घेत. एकदा आमच्याच बाजूची, राजुऱ्याकडची एक मुलगी आली होती. तिने हात वर करून विचारले, "सर, मंग त्या लेखकानं त्या बाईले जाऊन सांगतलं का?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिने ते उत्तरही वहीत लिहिले. जेवणाच्या सुटीनंतर मला पुढचे सत्र घेता आले नाही. त्या संध्याकाळी मी पत्नीला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मला सांगून काय होणार?"

त्याच उन्हाळ्यात मी गेलो. नागपूरहून गडचिरोलीची एसटी धरली. पुण्यात माझे घर आहे. दारावर माझ्या नावाची पाटी आहे, मुलगी तिथेच वाढली, तिची भाषा तिथली आहे. त्या घराला मी परके म्हणत नाही. पण तिथे मी जे लिहितो ते खरे की खोटे, हे शेजारच्या माणसाला सांगता येत नाही. गावात मी फोटो काढला त्या दिवशी किती ढीग लागले होते हे लहान पोरालाही माहीत होते. ज्या ठिकाणी माझे लिहिणे पडताळून पाहणारी माणसे राहतात, तेच मला आता गाव वाटते. आणि तिथेच जायला मी सर्वांत जास्त घाबरत आलो.

मी पाळीवर पोहोचलो तेव्हा जाळी ओढून झाली होती. गाळ काढल्यापासून मासळी वाढली आहे. ढीगही मोठे लागतात. काकींचा मुलगा आता जाळ्यावर असतो आणि स्वतःचा हिस्सा घेतो. त्याची टोपली उचलायला काकी आल्या होत्या. मी बुधाजीभाऊंना म्हणालो की मला थोडे बोलायचे आहे.

"बोल ना गा," ते म्हणाले. "पन लौकर. मासळी उन्हात हाये."

मी काकींपाशी गेलो आणि नेहमीच्या हळू आवाजात सगळे सांगितले. त्यांनी टोपली खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते.

"मले काऊन सांगून राह्यला?" त्या म्हणाल्या. "मी म्हनलं नोतं, हे मले तं पयलेपासून मालूम हाये. ह्यायले सांग. अन् जोरानं सांग, तिकडच्या टोकाले आयकू गेलं पायजे."

मी वळलो. पाळीखाली माणसे ढिगांवर वाकलेली होती. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

"आयका जी सगळे! कॅलेंडरावरचं ते मीच लिवलं होतं. ऑफिसातल्या कोनी नाई, मीच. काकीनं मले कमी पडते म्हून कई सांगतलं नाई. बाजूचे ढीग मी कापले, अन् ते शब्द मी मनानं लिवले. बाबाले खोटं मी सांगतलं. बाबानं तुमाले सांगतलं ते माह्यावर भरोसा ठेवून. काकीचा काई दोष नोता. काकी, माहं चुकलं. मले माफ कर."