माझ्या रागावर घेतलेला आळ

मला ब्लडप्रेशर झाले ते माझ्या रागामुळे, असे अंबरनाथमध्ये अजून बोलले जाते. हे साफ खोटे आहे. राग मला लहानपणापासून आहे. बदलापूरच्या आसपासच्या गावांत डोक्यावर कापडाचे गाठोडे घेऊन फिरत होतो तेव्हाही होता, आणि त्या काळात माझे डोके दुखले तर ते गाठोड्याने दुखे.

दुखणे लागले ते शिवमंदिराच्या वाटेवर स्वतःचे दुकान थाटून मी कॅम्पातून माल आणू लागलो तेव्हा. फाळणीनंतर सिंधी मंडळी तिथल्या लष्करी बराकींत येऊन राहिली होती. सरकारने उल्हासनगर नाव दिले, तरी आम्ही कॅम्पच म्हणत असू. तिथे कापड स्वस्त मिळे. म्हणजे मला स्वस्त मिळे. सकाळी सायकल काढायची, पाचसहा दुकाने फिरून भाव पाडायचे, कॅरिअरला गठ्ठा बांधून परत यायचे. काही महिन्यांत संध्याकाळचे पाय सुजू लागले. वहाणेत पाऊल मावेना, मस्तकात घण बसू लागले. एकदा घेरी येऊन मी गठ्ठ्यासकट गटारात पडलो, तेव्हा बायकोने मला डॉक्टरांपुढे नेऊन बसवले.

डॉक्टर तरुण होते. दंडाला पट्टा बांधून, रबरी फुगा दाबून त्यांनी पारा पाहिला आणि विचारले, "चिडता का?"

"कोण म्हणतो?" मी ओरडलो.

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिले. बायकोने छताकडे पाहिले. झाले निदान.

सर्पगंधेच्या गोळ्या, मीठ बंद, आणि भाव करायचा तो आवाज न चढवता. "पावसाळ्यापर्यंत दाब उतरला नाही, तर दुकान दुसऱ्याच्या हाती द्या," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर एक दिवस गल्ल्यावरच आडवे व्हाल."

दुसरा तयारच होता. माझा मेहुणा कारखान्यातली नोकरी सोडून आमच्याकडे येऊन राहिला होता. "भाऊजी, तुम्ही पडा स्वस्थ. मी बघतो," म्हणत तो दुपारचा दुकानात बसू लागला, आणि आठवडा व्हायच्या आत त्याने माझ्या गादीमागे पाटी लटकवली: 'एकच भाव'.

माझ्या दुकानात एकच भाव! गिऱ्हाईक घरून भांडणाची तयारी करून येई, पाटी वाचून हिरमुसे आणि काही न घेता जाई. मी बोललो, तर बायको म्हणे, "अहो, बघा, दाब चढला." माझ्याच घरात मला खरे बोलायची चोरी झाली.

माल आणायला मात्र मीच जाई. मेहुण्याला कॅम्पात पाठवले असते, तर सांगितलेला भाव देऊन, वर आभार मानून परत आला असता.

पथ्य मी इमानदारीने पाळले. अळणी आमटी, अळणी भाजी, अळणी पिठले. अळणी पिठले ज्याने खाल्ले आहे त्यालाच माझे दुःख कळेल. तरी पारा उतरेना. डॉक्टर दर खेपेला मान हलवून म्हणत, "राग, शेठ, राग." पावसाळा जवळ येत चालला आणि मेहुणा गादीला नवा अभ्रा शिवायच्या गोष्टी करू लागला.

तेवढ्यात डॉक्टरांच्या बहिणीचे लग्न ठरले.

"शेठ, कॅम्पातून साड्या घ्यायच्यात. तुम्ही बरोबर असाल तर बरं."

"आणि माझा राग?"

"एक दिवस चालेल," डॉक्टर म्हणाले.

पहिल्या दुकानातल्या शेठने नेहमीसारखे हात पसरले. "आओ साईं! पहले पापड-पानी, बाद में धंधा." ही त्यांची रीत. दारी आलेल्याला आधी भाजलेला पापड आणि पाणी. पापड मोडला की माणूस घ्यायला आलाय असे धरतात आणि मग भावाला तोंड फुटते. नको म्हटले, तर नुसता बघायला आला म्हणून घडीसुद्धा उलगडत नाहीत. मी पापड मोडला, भाव पाडला, पुढे निघालो. दुसरीकडे तेच. तिसऱ्या दुकानात पापड तोंडाशी नेला तेव्हा डॉक्टर माझ्याकडे टक लावून पाहत होते.

"शेठ, रोज असंच चालतं?"

"माल घ्यायचा तर दुसरं काय?"

"मी तुम्हाला मीठ बंद सांगितलं होतं!"

"बंदच आहे. घरी विचारा."

"मग हे काय खाताय?"

"खात नाही डॉक्टर, भाव करतोय."

डॉक्टरांनी आपल्या हातातल्या पापडाचा तुकडा चाखला आणि वर तांब्याभर पाणी प्यायले. "अहो, एका पापडात तुमच्या आमटीचं सगळं मीठ आहे! शिवाय पापडखार वेगळा!"

"मग विचारायचं होतंत! तुम्ही विचारलंत, चिडता का. पापड खाता का, असं विचारलंत?"

"ओरडू नका," डॉक्टर म्हणाले. पण हळू आवाजात म्हणाले.

कारण सापडले, पण उपाय सोपा नव्हता. पापड नाकारला तर माल बंद, खाल्ला तर दुकान मेहुण्याचे. दुसऱ्या दिवशी मी त्या पहिल्या दुकानात जाऊन बसलो, पापड मांडीसमोर ठेवून घेतला आणि त्याला बोट लावले नाही. नको म्हटले नव्हते, म्हणून शेठने भाव सांगितला. मी पापडाकडे पाहिले. त्याने भाव थोडा उतरवला. मी पुन्हा पापडाकडे पाहिले.

"नाराज है क्या, साईं? पापड तो तोड़ो!"

"पहले भाव," मी म्हणालो.

इतकी वर्षे घसा फोडून जे साधले नव्हते, ते अख्ख्या पापडाने साधले. सगळ्या दुकानांत तीच युक्ती चालवली. हळूहळू पायांची सूज ओसरली, वहाणा सैल झाल्या, घण थांबले. पावसाच्या तोंडावर डॉक्टरांनी पारा पाहिला आणि म्हणाले, "उतरला."

"मग माझ्या रागाची माफी मागा."

"पापड सापडला म्हणून राग सुटला असं नाही, शेठ. तोही साथीदार असेलच."

मी दार आपटून बाहेर पडलो.

मेहुण्याने नोकरी शोधली. पाटी फेकून देणे माझ्या स्वभावात नाही. ती कॅम्पातल्या त्या पहिल्या शेठला, अर्थ समजावून, घासाघीस करून विकली. त्याने ती गादीमागे टांगली. पुढच्या खेपेला मी तिच्याच खाली बसलो. पापड आला. मी छिटाचा भाव काढला. शेठने पाटीकडे बोट दाखवले. मी पापडाकडे दाखवले.

शेठने सुस्कारा सोडला आणि वारामागे आणा कमी केला.

हे सगळे मी एक शब्द न ओरडता केले. घरी येऊन बायकोला तसे सांगितले. तिने छताकडे पाहिले.