न सोडलेली खिडकी

आमच्या येरमाळ्यात कुणाच्या अंगात आलं, की मी चपला घालून घरी निघणारा माणूस. देवीला हात जोडतो, प्रसाद घेतो, पण त्यापलीकडच्या गोष्टींत कधी पडलो नाही. या पानावर येणारे इतरांचे अनुभवही वाचतो आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा मनातल्या मनात हसतो. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय यानं मला जरा अवघडल्यासारखं होतंय. पण माझ्याबद्दल गावात एक चांगली गोष्ट सांगितली जाते, आणि ती जशी सांगितली जाते तशी मी केलेली नाही. वय झालं आहे. ती नीट सांगून ठेवायची आहे.

मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. नोकरीभर येरमाळा ते उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, रोज एसटीनं जाणं-येणं. ज्यांनी असं अपडाउन केलंय त्यांना सांगायला नको... गाडी स्टँडात वळत असतानाच खिडकीतून टॉवेल आत टाकायचा. ज्याचा टॉवेल त्याची जागा. या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि जागा मिळाल्यावर दुसरी एक गोष्ट करायची, डोळे मिटून घ्यायचे. लेकुरवाळी बाई शेजारी येऊन उभी राहो की म्हातारा माणूस, झोपलेल्याला कुणी उठवत नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी आम्ही काशीला निघालो. जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या गावांतली मंडळी होती, पुण्याहून वाराणसीपर्यंत विमान. बायको गुडघ्यांमुळं आली नाही. माझ्या सोबत होते आमच्या गल्लीतले अप्पा. भुसारचं दुकान, कपाळावर कायम विभूती आणि तोंड अखंड चालू. पुण्याच्या वाटेवरच त्यांनी सुरुवात केली.

"तात्या, टावेल घेतलाव का? इमानाच्या खिडकीतनं टाकावा लागंल."

"खिडकी उघडत न्हाय म्हणं अप्पा."

"मंग पायलटच्या हातात द्या. म्हणावं, आत चाललाच हायस तर येवढा टाक."

सगळी गाडी हसली. मीही हसलो.

विमानात चढलो. अप्पांची जागा अगदी पुढं होती, माझी बरीच मागं आणि मधली. मागं जाता जाता एक खिडकीची जागा रिकामी दिसली. शेजारी पँट-शर्टातला एक माणूस मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. मी त्याला ओलांडून आत गेलो, आधी टॉवेल टाकला, मग बसलो. एसटीच्या सवयीनं टॉवेलनं काचही स्वच्छ पुसून घेतली. आता, हे सगळं सवयीनं झालं असं म्हणून मला सुटता येईल. पण नंबर मला वाचता येत होता. ही जागा आपली नाही हे बसतानाच माहीत होतं.

थोड्या वेळानं एक बाई आल्या. आमच्याच मंडळींतल्या, ढोकीकडच्या. वयानं माझ्यापेक्षा थोड्या लहान, हिरवट नऊवारी, छातीशी एक कापडी पिशवी घट्ट धरलेली. त्यांचं खरं नाव लिहीत नाही, सरूबाई म्हणू. त्यांनी हातातला पास हवाईसुंदरीला दाखवला आणि ती माझ्याकडं बोट करून म्हणाली, "मॅडम, ती विंडो तुमची आहे."

मी डोळे मिटले.

"सर... एक्सक्यूज मी, सर?"

मी मान खिडकीकडं टाकली आणि श्वास लांबवला. त्यावर सरूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई. झोप लागलीय त्यास्नी. म्हातारं माणूस हाय."

हवाईसुंदरीनं आणखी एकदा हाक मारली, मग दोघी मागं गेल्या. मी मान जराशी वळवून किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं. पाच-सहा ओळी मागं, दोन धिप्पाड माणसांच्या मध्ये, माझ्या जागेवर तिनं सरूबाईंना बसवलं. पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. हे मी स्वतः पाहिलंय, इथं माझी काही चूक होत नाही.

पुढं जे झालं त्याला माझी फजितीच म्हणा. एकदा सोंग घेतल्यावर डोळे उघडायचे कसे? हवाईसुंदरी सारखी ये-जा करत होती. शेजारच्या माणसानं सगळं पाहिलं होतं. त्यामुळं विमान उडालं, वर गेलं, वळलं, सगळं मी पापण्या दाबून ऐकलं. आयुष्यातलं पहिलं विमान, हक्क नसलेली खिडकी, आणि मला बाहेरचं काही म्हणजे काहीच दिसलं नाही! झोपही लागली नाही. खाण्याची गाडी आली ते कळत होतं, शेजाऱ्यानं कॉफी मागितली तेही ऐकलं.

आणि एक आवाज ऐकला. बाईचा, हळू, माझ्या अगदी कानाजवळ. कुणाला तरी काहीतरी दाखवत असल्यासारखा. "आवो... बघा की. खाली बघा." थोडं थांबून पुन्हा, "दिसलं का?" मला वाटलं, मागच्या ओळीतलं जोडपं असेल. आवाजात अशी काही माया होती की चोरून ऐकतोय असं वाटून मी कानसुद्धा मिटता आले असते तर मिटले असते.

विमान उतरून थांबल्यावर हवाईसुंदरीनं खांद्याला हात लावून हाक मारली. आता उठणं भागच होतं. डोळे उघडले तर समोर काचेवर राखेचे तीन पट्टे... आडवे, एकाखाली एक, बोटांनी ओढलेले. अप्पांच्या कपाळावर असतात तसे. शेजारच्या माणसाकडं पाहिलं, तो पेपर वाचत होता. मी टॉवेलनं काच पुसली. बाहेर नुसती धावपट्टी होती.

सगळे उतरायला उभे राहिले. सरूबाई मागून आल्या आणि माझ्यापाशी थांबून त्यांनी हात जोडले. "दादा, लई उपकार झाले. समदं दिसलं."

माझे कान तापले. इतका सरळ चेहरा ठेवून टोमणा मारणारी बाई मी पाहिली नव्हती. तोवर अप्पा पुढून माझी पिशवी काढायला उलटे आले होते. त्यांनी विचारलं, "कशाचे उपकार हो बाई?"

"खिडकी दिली की ह्यांनी मला."

अप्पांनी माझ्या पाठीत थाप मारली. "टावेलवाल्या तात्यानं जागा सोडली? काशी इथंच घडली म्हणायची!"

मी तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी गंगेवर नावेत कळलं, की त्या पिशवीत सरूबाईंच्या मालकांच्या अस्थी होत्या. ते साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. शेतावरून विमान गेलं की बायकोला म्हणायचे, एकदा तुला खिडकीत बसवून नेतो. ते राहूनच गेलं. म्हणून मुलानं सहल ठरवताना आईसाठी मुद्दाम खिडकी मागून घेतली होती. हे नावेतल्या बायका आपसांत बोलत होत्या. मी नावेच्या पार टोकाला जाऊन बसलो, आणि उरलेली सहल त्यांच्या समोर आलो नाही.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "टॉवेलाला राख कुठली?" मी म्हणालो, घाटावरची.

त्यानंतर अप्पांनी ही गोष्ट दुकानात सांगितली, पारावर सांगितली, बारशाला आणि तेराव्यालाही सांगितली. अस्थींचं कळल्यावर तर तिला आणखीच धार आली. एसटीत मला पाहून कॉलेजची पोरं उठायला लागली. "बसा तात्या, तुम्ही तर इमानातली जागा दिली." मी उभ्यानं प्रवास करायचो. लोक म्हणायचे, बघा, किती साधा माणूस! एका बाईची आयुष्यातली एकच इच्छा मी डोळे मिटून खाल्ली होती, आणि वर त्याचाच मान घेत होतो.

यंदा अप्पांच्या नातवाचं लग्न झालं. तिथं त्यांनी मला पाहुण्यांसमोर उभं केलं आणि गोष्ट पहिल्यापासून सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ताटावरून उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ढोकीची गाडी धरली.

फाट्यावरून एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं वस्तीपर्यंत सोडलं. सरूबाई दारात शेंगा फोडत होत्या. खूप थकल्या होत्या, पण मला बघताच ओळखलं.

"अगं बया! खिडकीवालं दादा! सूनबाई, चहा टाक."

मी बसलोसुद्धा नाही. म्हणालो, "बाई, माफी मागायला आलोय. त्या दिवशी मला झोप लागली नव्हती. सोंग घेतलं होतं. तुमची जागा मी बळकावली."

त्यांनी शेंग फोडता फोडता विचारलं, "कोणती जागा?"

"विमानातली. खिडकीची."

"तिथं तर मी बसले की."

"नाही बाई. तुम्ही मागं बसलात. माझ्या जागेवर."

"टेकले व्हते मागं. मंग तुमीच आलाव न्हाय का उठवाया?" त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "माज्या म्होरं हुबं ऱ्हायलाव. म्हणलाव, 'अक्का, चला, जागा तुमची हाय.' टावेल खांद्यावर टाकलाव आन् मागं माज्या जागंवर जाऊन बसलाव. उतरूस्तवर मी तिथंच व्हते."

"मी हललोच नाही हो. शपथेवर सांगतो. उतरेपर्यंत त्याच खुर्चीत होतो."

"मंग मी काय तुमच्या मांडीवर बसले व्हते?"

स्वयंपाकघरात सून फिस्सकन हसली. मलाही हसू आलं. मी खाली बसलो आणि विचारलं, "तिथं बसून तुम्ही काय केलंत?"

"काय करायचं? ह्यास्नी दावत व्हते. पिशवी काचंला लावली. म्हणलं, आवो, बघा की. खाली बघा." त्या जरा लाजल्या. "रामलिंगाचा अंगारा आनला व्हता संगं. ढगाच्या वर गेल्यावर वाटलं, ह्येच्यापरीस देवाच्या जवळ आपुन कवा जाणार? काचंलाच लावला, तीन बोटं."

मी त्यांना आवाजाबद्दल किंवा राखेबद्दल अवाक्षर बोललो नव्हतो. तोवर बायकोलाही खरं सांगितलं नव्हतं.

तरी मी पुन्हा सुरू केलं. म्हटलं, "बाई, तुमचं मन मोठं आहे, पण मला माहीत आहे मी काय केलं ते..." तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"दादा, एक सांगू का? तुमच्या जिवाला कायतरी लागलंय, ते फेडाया आलाव. बरं केलं. पर मी त्यास्नी समदं दावलंय. उगं माज्याम्होरं बसून ते झालंच न्हाय म्हणू नगा."

सुनेनं आणून दिलेली कपबशी मी खाली ठेवली. इतकी वर्षं छातीवर जे घेऊन फिरत होतो ते उतरलं, एवढं नक्की कळलं. त्यांचं काहीही गेलं नव्हतं. माझ्यामुळं नव्हे, मी असूनही त्यांना मिळालं होतं.

घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावरच्या विभूतीला हात लावला आणि विचारलं, "मंग आता मी लोकांस्नी काय सांगू?" मी म्हटलं, "तात्यानं जागा सोडली नव्हती, पण बाईला मिळाली, एवढं सांगा." ते म्हणाले, "ह्यात गोष्ट जास्त हाय." तेव्हापासून तशीच सांगतात.

मी परोपरीनं विचार केला. डॉक्टर असलेल्या भाच्यानं ऐकून सांगितलं, की मामा, तुम्ही खरंच उठला असाल आणि विसरला असाल. तसं असतं तर मी मागच्या जागेवर जागा झालो असतो, खिडकीत नाही. शेजारच्या माणसाला विचारता आलं असतं, पण तो कोण, कुठला, काही माहीत नाही. बाईंना स्वप्न पडलं म्हणावं, तर त्या स्वप्नातली राख माझ्या टॉवेलावर कशी आली? कुणी तरी उठून त्यांना जागा दिली. तो मी नव्हतो, आणि त्यांनी पाहिला तो माझाच चेहरा होता. याच्यापुढं माझी बुद्धी जात नाही.

सरूबाईंकडून निघण्याआधीचं एक सांगायचं राहिलं. चपला घातल्या आणि पुन्हा काढल्या. म्हटलं, "बाई, मला खरंच काही दिसलं नव्हतं. डोळे मिटलेले होते. वरून कसं दिसतं हो?"

त्या मोकळ्या हसल्या आणि मला शेजारी बसायला सांगितलं. रानं वाकळीच्या ठिगळांसारखी दिसतात म्हणाल्या. नदी म्हणजे कुणाच्या हातून पाण्याचा तांब्या लवंडावा तशी. आणि ढगावर विमानाची सावली पळत होती, एवढीशी, भोवती रंगीत कडं.

"ह्यास्नी म्हणलं, बघा, त्येच्यात आपुन दोघं हाव."

"मग?" मी विचारलं.

"मंग ढग सरला, आन् सावली खाली रानावर उतरली..."

सूनबाईनं दुसऱ्यांदा चहा आणला तरी त्या सांगतच होत्या, आणि खिडकीत बसून गेलेला मी विचारत होतो, पुढं काय दिसलं?